गाडी खोलल्यापासून जोडेपर्यंत: सुटे भाग गंजापासून कसे जपावेत

जुनी बजाज चेतक मूळ रूपात आणायचे काम हाती घेतले की गाडी खोलायला दोन-तीन दिवस पुरतात, पण ती पुन्हा जोडून रस्त्यावर आणायला अनेकदा वर्ष-दोन वर्षे जातात. कधी मूळ सुटा भाग मिळत नाही, कधी पेंटरला सवड नसते, कधी पैशांची सोय व्हायची असते. या मधल्या काळात डिक्क्या, मडगार्ड, फोर्क, ब्रेक ड्रम आणि डबाभर नट-बोल्ट पोटमाळ्यावर, जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात पडून राहतात, आणि तीस-चाळीस वर्षे रस्त्यावर टिकलेला पत्रा एकाच आषाढ-श्रावणात गंज धरतो. चेतकच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर असतो, कारण तिला वेगळी चौकट नाही. दाबून आकार दिलेले पत्र्याचे अंग हीच तिची चेसिस आहे, त्यामुळे तो पत्रा सडला की बदलायला फारसे काही उरत नाही. पुढील विवेचन चेतक डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. मात्र कुर्ल्यात बनलेली पद्मिनी, म्हैसूरची येझदी किंवा जुनी जीप यांनाही ते जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते.

गंज चढायला लोखंड, प्राणवायू आणि पाणी या तिघांची गरज असते. त्यांपैकी लोखंड आपल्याला राखायचेच आहे आणि प्राणवायू हटवणे घरी शक्य नाही; म्हणून सगळी लढाई पाण्याशी आहे. हे पाणी डोळ्यांना दिसेल इतके असावे लागत नाही. हवा दमट असली की धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ, अदृश्य पापुद्रा बसतो आणि त्या पापुद्र्यात सूक्ष्म विद्युतघट तयार होतात: एका ठिकाणी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते, शेजारच्या ठिकाणी प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि दोहोंच्या संयोगातून तांबूस गंज जमतो. हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो. त्यामुळे त्याच्याखालच्या धातूला संरक्षण मिळण्याऐवजी गंजण्याची गतीच वाढते.

ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत केलेल्या प्रयोगांतून दोन गोष्टी पुढे आल्या, आणि सुटे भाग साठवणाऱ्यासाठी त्या आजही मोलाच्या आहेत. पहिली अशी की गंज आर्द्रतेबरोबर सावकाश वाढत जात नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत स्वच्छ लोखंड जवळजवळ तसेच राहते आणि ती मर्यादा ओलांडली की गंजण्याचा वेग एकदम चढतो. दुसरी अशी की मलमलीच्या जाळीत ठेवलेले लोखंड उघड्यावरच्या लोखंडापेक्षा फार कमी गंजते, कारण हवेतली धूळ त्याच्यावर बसत नाही. धुळीचा प्रत्येक कण पाणी धरून ठेवणारे एक केंद्र असतो. मुंबईत जुलै महिन्यात सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे त्या महिन्यात उघडा ठेवलेला पत्रा दिवसरात्र त्या मर्यादेच्या पलीकडेच असतो, मग छत गळत असो वा नसो.

याहून फसवा प्रकार म्हणजे दव. हवेचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो, म्हणजे एखादा भाग हवेपेक्षा केवळ चार अंशांनी थंड असला तरी त्याच्यावर पाणी साचू लागते. इंजिनाचे केसिंग किंवा ब्रेक ड्रम यांसारखे जड भाग रात्री गार होतात आणि सकाळी हवा तापू लागली तरी बराच वेळ थंडच राहतात. तेवढ्या दोन-तीन तासांत त्यांच्यावर दररोज दव धरू शकते. पातळ पत्रा लवकर तापतो, म्हणून त्याच खोलीत मडगार्ड कोरडे आणि ड्रम ओला असे दृश्य दिसते. सिमेंटच्या जमिनीला टेकलेल्या भागांना हाच त्रास खालून होतो, कारण जमीन गार असते आणि तिच्यातून ओलही वर येत असते.

कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात या सगळ्यात मिठाची भर पडते. समुद्राच्या मिठातले साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. पण त्याच मिठात असलेले मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागते. याचा अर्थ असा की ज्या पत्र्यावर खारा थर बसला आहे तो किनाऱ्यालगतच्या हवेत, अगदी वैशाखातसुद्धा, खऱ्या अर्थाने कधी वाळतच नाही, आणि अशा पत्र्यासाठी ६० टक्क्यांची मर्यादा निरुपयोगी ठरते. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचा भाग साठवण्याआधी भरपूर गोड्या पाण्याने धुणे अत्यावश्यक आहे. लोखंडाला पाणी लावण्याच्या कल्पनेने अनेक जण बिचकतात. परंतु धुऊन लगेच गरम हवेने किंवा कडक उन्हात वाळवलेला भाग मिठासकट कोरडा ठेवलेल्या भागापेक्षा कितीतरी अधिक टिकतो. माणसाच्या घामातही मीठ असते. घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर काही आठवड्यांनी बोटांचे तांबूस ठसे उमटतात ते याच कारणाने, म्हणून साफ केलेला भाग हाताळताना हातमोजे घालावेत.

यावरून माझे सर्वांत ठाम मत असे बनले आहे की ज्या भागाला त्याच दिवशी संरक्षण देता येणार नाही तो त्या दिवशी साफ करू नये. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात सगळा पत्रा रंग काढून पांढरा करण्याची प्रथा आपल्याकडे फार आहे, आणि माझ्या मते सुट्या भागांचे सर्वाधिक नुकसान तीच करते. जुना रंग, मूळ प्रायमर, फटींत साचलेले ग्रीस हे सारे कुरूप असले तरी संरक्षणच असते. गाडी खोलल्यावर चिखल, मीठ आणि सैल पापुद्रे तेवढे काढावेत, भाग धुऊन वाळवावा, ज्या जागी पत्रा उघडा पडला आहे तिथे तेल किंवा मेण लावावे, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी आणि तो बाजूला ठेवावा. रंग काढणे, गंज उतरवणे ही कामे पेंटरची तारीख पक्की झाल्यावर, एकेका भागाची हाती घ्यावीत. देशावर, म्हणजे पुणे, सातारा, नगर या पट्ट्यात, फेब्रुवारी ते मे हा काळ या कामाला उत्तम, कारण उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली उतरते. कोकणात असा सवलतीचा काळ नसल्याने तिथे साफसफाई आणि प्रायमर यांत काही तासांचेच अंतर असावे.

गंज उतरवण्यासाठी आम्ल वापरले असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. बाथरूम धुण्याचे अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल; त्याची वाफ बंद बाटलीतूनही झिरपते आणि त्याच खोलीतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर गंज चढवते. ज्या खोलीत सुटे भाग आहेत तिथे ही बाटली ठेवूच नये. शिवाय स्प्रिंग किंवा जास्त ताकदीचे बोल्ट आम्लात बुडवले की धातूत हायड्रोजन शिरतो आणि तो भाग ठिसूळ होऊन पुढे अचानक तुटू शकतो. असे भाग घासूनच साफ करावेत. फॉस्फोरिक आम्लावर आधारलेली द्रावणे पत्र्यासाठी तुलनेने सौम्य असतात आणि मागे लोह फॉस्फेटचा करडा थर सोडतात. हा थर रंगाला पकड देतो, पण सच्छिद्र असल्यामुळे तेवढ्यावर विसंबून पत्रा पावसाळ्यात ठेवता येत नाही.

आता लेपांकडे वळू. सर्वांत सोपा लेप म्हणजे नवे इंजिन ऑइल. कोरड्या जागी ते काही आठवडे काम देते, मात्र उभ्या पृष्ठभागावरून हळूहळू ओघळून जाते. गाडीतून काढलेले काळे ऑइल मात्र कधीही लावू नये, कारण ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओल त्यात मुरलेली असते. डब्ल्यूडी-४० हा फवारा घरोघरी असतो आणि लोक त्यावर फार भरवसा ठेवतात. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या कवचाला गंजापासून वाचवण्यासाठी १९५३ साली ते तयार झाले आणि पाणी बाजूला सारण्याचे आपले मूळ काम ते आजही चांगले करते. पण मागे राहणारा थर फार पातळ असल्याने वर्षभराच्या साठवणीला तो पुरत नाही. धुतलेल्या भागावरचे उरलेसुरले पाणी घालवण्यासाठी ते मारावे आणि नंतर जाड लेप द्यावा. लांब मुदतीसाठी मेणयुक्त गंजरोधक फवारे, मेंढीच्या लोकरीतून मिळणाऱ्या लॅनोलिनचे लेप किंवा सरळ ग्रीस यांचा आधार घ्यावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने रायफली आणि यंत्रांचे भाग कॉस्मोलीन नावाच्या जाड, मेणचट पेट्रोलियम लेपात जतन केले आणि त्यांपैकी अनेक दशकांनंतरही चकचकीत निघाले. या जाड लेपांची अडचण एकच: रंगकामाआधी ते पूर्ण उतरवावे लागतात आणि फटींत राहिले तर रंग धरत नाही. म्हणून ज्यांना रंग द्यायचा नाही असे भाग, म्हणजे अ‍ॅक्सल, गियर, फोर्कची नळी, बेअरिंगच्या बैठका, यांच्यासाठी ते सर्वोत्तम.

प्रायमरविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण इथे गैरसमज खोलवर रुजलेला आहे. गॅरेजमध्ये ‘रेड ऑक्साइड मारून ठेवलंय, आता काळजी नाही’ असे अगदी सहज म्हटले जाते. साधा रेड ऑक्साइड किंवा राखाडी प्रायमर हा वरच्या रंगाला पकड देण्यासाठी बनवलेला असतो. तो सच्छिद्र असतो, आणि वरचा रंग नसेल तर दमट हवेतली ओल त्यातून सावकाश आत जाते. दिसायला पत्रा तांबडा आणि सुरक्षित असतो, आतून मात्र गंजाचे जाळे पसरत असते, आणि ते रंग दिल्यावर सहा-आठ महिन्यांनी फोडांच्या रूपाने वर येते. साठवणीसाठी दोन भाग मिसळून तयार होणारा इपॉक्सी प्रायमरच वापरावा. तो घट्ट आणि बंदिस्त थर बनवतो. काही दिवसांनंतर त्यावर पुढचा थर देताना पृष्ठभाग घासावा लागतो, एवढे कष्ट मात्र गृहीत धरावेत. डेंटिंगनंतर भरलेली पॉलिस्टर पुट्टी तर याहून धोकादायक, कारण तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. पुट्टी उघडी ठेवून, त्यातही ती पाण्याने घासून, पत्रा महिनोन्महिने ठेवणे म्हणजे पत्र्यावर ओली पट्टी बांधून ठेवण्यासारखे आहे.

लेप हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे भागाभोवतालची हवाच कोरडी ठेवणे. महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने शेकडो राखीव नौका याच तत्त्वावर जपल्या: नौकेचा अंतर्भाग बंद करून यंत्रांनी त्यातली हवा सतत कोरडी राखली. घरी हे काम घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल यांवर भागते, आणि त्याचा हिशेब समजून घेतला तर ते किती स्वस्तात होते हे लक्षात येईल. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत प्रत्येक घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २०० लिटरच्या बंद पिंपात ती पाच ग्रॅमच्या आसपास भरते. आर्द्रता ४० टक्क्यांवर आणायची तर त्यातले अर्धेच काढायचे असते, आणि तेवढी हवा कोरडी ठेवताना सिलिका जेल आपल्या वजनाच्या सुमारे एक-पंचमांश पाणी धरून ठेवते. म्हणजे केवळ हवेचा विचार केला तर मूठभर जेलही पुरेसे आहे.

प्रत्यक्षात ते पुरत नाही, याचे कारण डब्यात आपणच भरलेली ओल. दमट हवेतला पुठ्ठा आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी बाळगून असतो; एक किलो पुठ्ठ्याचे खोके आत ठेवले तर त्यासोबत १०० ग्रॅमच्या वर पाणी आत गेले, म्हणजे त्या पिंपातल्या हवेच्या वीसपट. वर्तमानपत्रे, गोणपाट, लाकडी ठोकळे यांचेही तेच. म्हणून डब्यात कागद-पुठ्ठा नसावा, भाग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर किंवा जाळीवर ठेवावेत, झाकणाला रबरी कड असावी आणि एका पिंपाला निदान अर्धा किलो जेल ठेवावे. रंग बदलणारे नारिंगी जेल घेतले की ते कधी भरले हे कळते. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत काही तास तापवून ते पुन्हा वापरता येते. निळे जेल कोबाल्ट क्लोराइडमुळे निळे दिसते आणि ते विषारी आहे, त्यामुळे घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते तापवू नये. कपाटात टांगायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. ते पाणी ओढून खारट द्रव बनते आणि तो सांडला तर पत्र्याचे भलतेच नुकसान होते, म्हणून त्या पिशव्या धातूच्या भागांजवळ नकोत.

तिसरे साधन म्हणजे व्हीसीआय कागद किंवा पिशवी. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या वाचकांना ती ओळखीची असेल, कारण निर्यातीचे सुटे भाग त्यातच गुंडाळून जातात. या कागदात भरलेले रसायन सावकाश वाफ होऊन बंद जागेत पसरते आणि धातूवर अतिशय पातळ थर धरून गंजाची क्रिया रोखते. ते जिथे हात पोहोचत नाही तिथे पोहोचते, तेल लावावे लागत नाही, आणि भाग बाहेर काढल्यावर जवळजवळ लगेच रंगकामाला नेता येतो. मात्र पिशवी बंद हवी, कागद आणि धातू यांच्यात साधारण एक फुटाहून जास्त अंतर नको, आणि भाग आधी मिठापासून मुक्त हवा. केवळ लोखंडासाठी बनवलेला कागद पितळ, तांबे किंवा जस्ताला बाधू शकतो. कार्ब्युरेटरसारखा मिश्र धातूंचा भाग गुंडाळताना सर्व धातूंसाठीचा प्रकार मागून घ्यावा.

काही भागांची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. चेतकचे इंजिन दोन स्ट्रोकचे असल्याने त्याच्या क्रँकच्या बेअरिंगना पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचेच वंगण मिळते. इंजिन बंद पडले की ते वंगण हळूहळू उतरून जाते. स्पार्क प्लगच्या भोकातून थोडे टू-टी ऑइल घालावे, कार्ब्युरेटरच्या बाजूनेही थोडे सोडावे, किकने इंजिन सावकाश फिरवावे, आणि सायलेन्सर व कार्ब्युरेटरची तोंडे प्लॅस्टिकने बंद करावीत. महिन्यातून एकदा इंजिन पाच मिनिटे चालू करण्याची सवय मात्र घातक आहे: एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, आणि इंजिन पुरते तापले नाही तर त्यातले बरेचसे आतच राहते. पेट्रोलची टाकी रिकामी करून, पूर्ण वाळवून, आतून ऑइल फिरवून, झाकण लावून ठेवावी. इथेनॉल मिसळलेले आजचे पेट्रोल पाणी ओढून घेते, त्यामुळे ‘टाकी भरून ठेवली की गंजत नाही’ हा जुना सल्ला आता धरून चालू नये. क्रोम केलेल्या भागांवर सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना मेण लावावे. नव्या बेअरिंगचे वेष्टन बसवायच्या दिवसापर्यंत फोडू नये. अंगाच्या आतले पोकळ भाग आणि दोन पत्रे स्पॉट वेल्डने एकावर एक बसलेल्या जागा हे गंजाचे खरे घर असते. तिथे लांब नळीचा फवारा वापरून पातळ, झिरपणारे मेण सोडावे, पण रंग झाल्यानंतरच.

जागेबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भाग जमिनीपासून वीतभर तरी वर, भिंतीपासून सुटे असावेत. बंद कपाट प्लायवूडचे असेल तर त्यातून निघणारी आम्लाची वाफ धातूला लागते, म्हणून लोखंडी रॅक बरा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सीलंटही ताजे असताना तेच करते. आणि ताडपत्री किंवा प्लॅस्टिक घट्ट बांधून संपूर्ण अंग झाकू नये, कारण आत अडकलेली ओल रोज रात्री पत्र्यावर उतरते. अंग मोठे असल्याने डब्यात मावत नसेल तर त्यावर सुती चादर टाकावी, म्हणजे धूळ बसणार नाही आणि हवाही खेळती राहील.

पावसाळ्यात महिन्याभराने प्रत्येक डबा तपासावा, तोही कोरड्या दुपारी. भाग रंगकामासाठी काढायचा असेल तेव्हा पिशवी बंद असतानाच त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर थंड धातूवर लगेच दव धरते. त्यानंतर सॉल्व्हंटने पुसताना एका फडक्याने ओले करून दुसऱ्या स्वच्छ फडक्याने लगेच टिपून घ्यावे, कारण तेच फडके फिरवत राहिले तर तेल निघत नाही, पसरते. शेवटी पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे: पाण्याचा थर सलग राहिला तर तेल गेले, थेंब होऊन तुटला तर पुन्हा पुसावे. परीक्षा पार पडली की भाग गरम हवेने पूर्ण वाळवावा आणि संध्याकाळ होण्याआधी त्याच्यावर इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात द्यावा.